माल आमचा, मर्जी कोणाची?

बाजारात बसणाऱ्या प्रत्येकाजवळ दोन काटे असतात. एक दुकानात दिसतो, दुसरा डोक्यात असतो. पहिल्या काट्याची तपासणी सरकारी निरीक्षक करतो. दुसरा मात्र आपण आपल्याच हाताने, आपल्याच बाजूला झुकवत असतो. "धंद्यात एवढे चालतेच", "सगळेच करतात", "गिऱ्हाईक डोळे उघडे ठेवून घेते" ही त्या दुसऱ्या काट्याची वजने. ती इतकी सवयीची झाली आहेत की त्यांना आपण अक्कल, व्यवहारज्ञान अशी चांगली नावे दिली आहेत.

बंधूंनो, ही अक्कल नवी नाही. दिव्य कुरआनात मदयनच्या लोकांची हकीकत आली आहे. ही व्यापारी वस्ती होती. आदरणीय प्रेषित शुऐब (अ.) यांनी त्यांना एका अल्लाहच्या भक्तीकडे बोलावले आणि त्याच दमात माप व वजन पुरे द्या असे बजावले. त्यावर त्यांनी दिलेले उत्तर (११:८७) प्रत्येक दुकानदाराने लक्षात ठेवावे असे आहे. तुझी नमाज तुला हेही शिकवते काय, की आम्ही आमच्या मालाचे आमच्या मर्जीने काही करू नये, असे त्यांनी कुत्सितपणे विचारले. नमाज नमाजेच्या जागी, धंदा धंद्याच्या जागी, हेच त्यांचे तत्त्वज्ञान होते. त्या लोकांचा शेवट काय झाला, हेही कुरआनने सांगून ठेवले आहे.

आता आपल्या जिल्ह्याकडे पाहू. नंदुरबारची लाल मिरची दूरवर प्रसिद्ध आहे. इथे ओली मिरची खरेदी होते, पथारीवर वाळत पडते आणि सुकताना वजनाने खूप घटते. वाळवण जितकी कच्ची, तितके वजन जास्त. मोह नेमका इथे आहे. अवकाळी पाऊस झाला तर मोहाला कारणही मिळते.

प्रेषित मुहम्मद (स.) मदीनेच्या बाजारातून जात असता त्यांनी धान्याच्या एका ढिगात हात घातला. आत ओल लागली. विचारल्यावर व्यापाऱ्याने पाऊस लागल्याचे सांगितले. पाऊस पडला नाही असे प्रेषितांनी (स.) म्हटले नाही. ओला माल लोकांना दिसेल असा वर का ठेवला नाहीस, एवढेच त्यांनी विचारले आणि फसवणूक करणारा आमच्यातला नव्हे असा इशारा दिला. सहीह मुस्लिममध्ये ही हदीस आहे. त्या व्यापाऱ्याची सबब खरी असेल, पण खऱ्या सबबीनेही लपवलेला दोष हलाल होत नाही.

स्वतःच्या अकलेला फार तर स्वतःच्या गल्ल्यापर्यंतचेच दिसते. २००५ च्या फेब्रुवारीत ब्रिटनमध्ये शेकडो खाद्यपदार्थ दुकानांतून परत मागवावे लागले. कारण होते मिरची पावडरीतला सुदान हा रंग, जो कर्करोगाच्या धोक्यामुळे खाण्यात वापरण्यास बंदी आहे. ती पावडर भारतातून गेली होती. लाल रंग खपतो, हे रंग मिसळणाऱ्याचे गणित. तो रंग कोणाच्या मुलांच्या पोटात जाईल, हे त्या गणितात नव्हते. मात्र आज्ञा पाळायची ती माल परत येईल या भीतीने नव्हे. तसे केले तर ती पुन्हा अकलेचीच चाकरी झाली.

सर्वांत चतुर युक्तिवाद व्याजाचा आहे. व्यापार हाही व्याजासारखाच आहे, असे म्हणणाऱ्यांचा उल्लेख कुरआनात आहे (२:२७५). वरवर पाहता त्यांचे म्हणणे पटण्यासारखे वाटते. तिकडे पैसा लावून पैसा मिळतो, इकडेही तेच. कुरआनचे उत्तर पाहा. तिथे नफ्यातोट्याचा हिशेब मांडलेला नाही. अल्लाहने व्यापार वैध केला आणि व्याज निषिद्ध केले, इतकेच सांगितले आहे. ईमानवंतासाठी हे पुरेसे आहे. कारण पुढे कळेल किंवा कळणारही नाही.

आपल्या भागात ते कळलेही आहे. नंदुरबार हा वेगळा जिल्हा १ जुलै १९९८ रोजी झाला. त्याआधी, धुळे जिल्ह्यात असताना, शहादे तालुक्यात कर्जापायी कितीतरी आदिवासींच्या जमिनी गेल्या आणि जमिनीचा धनी दुसऱ्याच्या शेतात सालदार झाला. अंबरसिंग सुरतवंती आणि १९७२ मध्ये उभी राहिलेली श्रमिक संघटना यांना त्याविरुद्ध लढावे लागले. आदिवासींच्या जमिनी परत करण्यासाठी राज्याला १९७४ चा कायदा करावा लागला. सावकाराची अक्कल काय सांगत होती? त्याने राजीखुशीने घेतले, अंगठाही त्यानेच उठवला. कुरआनची आज्ञा मात्र अशी की, देणेकरी अडचणीत असेल तर त्याला सवड द्या, आणि सोडून दिले तर ते अधिक चांगले (२:२८०). या दोन हिशेबांतला फरक शेकडो संसारांनी भोगला आहे.

आज आपल्यातला कोणी स्वतःला सावकार म्हणवून घेत नाही. पण धडगाव, अक्कलकुव्याच्या डोंगरातून आमचूर, चारोळी, मोह घेऊन माणूस निघतो, तेव्हा त्याला वाटेतच गाठून, बाजारभाव कळण्याआधी माल पदरात पाडून घेणे ही हुशारी समजली जाते. "त्याचे गाडीभाडे वाचवले" असेही वर म्हणता येते. बाहेरून माल आणणाऱ्याला बाजाराच्या अलीकडे गाठून सौदा करण्यास प्रेषितांनी (स.) मनाई केली. असा सौदा झालाच, तर बाजारात पोचल्यावर तो मोडण्याचा हक्क त्यांनी विकणाऱ्याला दिला. पावसाळ्यात उचल देऊन पुढचा माल स्वस्तात बांधून घेणारानेही आपला व्यवहार कोणत्या जातीचा आहे, हे जाणकार आलिमांना विचारून घ्यावे.

मग अल्लाहने दिलेली बुद्धी गुंडाळून ठेवायची काय? मुळीच नाही. कुरआन तर जागोजागी विचार करायला सांगतो. मदीनेत खजुराच्या परागीकरणाचा प्रश्न निघाला, तेव्हा तुमच्या दुनियेच्या कामातले तुम्ही अधिक जाणता, असे प्रेषितांनी (स.) बागाईतदारांना सांगितले. मिरचीचे कोणते वाण घ्यावे, पथारीवर ताडपत्री कधी टाकावी, माल कधी काढावा, इथे अक्कल हवी तितकी चालवा. उधारीचा व्यवहार मुदतीसह लिहून ठेवा, साक्षीदार घ्या, हे तर खुद्द कुरआनच्या सर्वांत मोठ्या आयतीत (२:२८२) सांगितले आहे. पण हलाल काय आणि हराम काय, हे ठरवायला अक्कल बसली की ती न्यायाधीश राहत नाही, आपल्याच फायद्याची वकील होते.

कोणी म्हणेल, आजच्या काळात हे जमत नाही. स्पर्धा आहे, बँक आहे, वरच्या व्यापाऱ्याचा दाब आहे. अडचण खरी आहे. ती नाकारण्यात अर्थ नाही. परंतु चुकणे वेगळे आणि चुकीला बरोबर ठरवणे वेगळे. आदरणीय आदम (अ.) यांच्याकडूनही चूक झाली. त्यांनी क्षमा मागितली आणि ती मिळाली. इब्लिसने मात्र युक्तिवाद केला. मी अग्नीपासून, हा मातीपासून, म्हणून मीच श्रेष्ठ, असा त्याचा हिशेब होता (७:१२). अल्लाहच्या आज्ञेसमोर मांडलेला तो तर्क त्याला कायमचा बुडवून गेला. कमजोर माणसासाठी तौबेचा दरवाजा उघडा आहे. आपली कमजोरी हाच नियम आहे असे म्हणणारा त्या दरवाजाकडे जातच नाही.

तेव्हा मिरचीच्या हंगामात आपल्यापैकी प्रत्येकाने तीन कामे करावीत. ओला आणि डागी माल वर, डोळ्यांसमोर ठेवावा. डोंगरातून येणाऱ्याला त्या दिवसाचा बाजारभाव आधी सांगावा, मग सौदा बोलावा. आणि वहीतल्या ज्या देणेकऱ्याचे खरोखर हाल आहेत, त्याला सवड द्यावी. नफा कदाचित कमी होईल. पण मशिदीत ज्याच्यापुढे कपाळ टेकतो, त्याचीच मर्जी दुकानात चालते की नाही, याचा निकाल या तीन गोष्टींत लागतो. अल्लाह आपणा सर्वांना हलाल रोजी आणि तीत बरकत देवो.