आधी वग, मग पिक्चर! दादा कोंडकेंचा धंदा नीट बघा

शिरूर असो नाहीतर दौंड, बॅचमध्ये पहिला प्रश्न ठरलेला असतो, "सर, मशीन कुठलं घेऊ?" माल कुणाला विकणार ते अजून ठरलेलं नसतं, पण कोटेशन खिशात तयार असतं. अशा वेळी मी दादा कोंडकेंचं नाव काढतो. मागची पोरं लगेच हसायला लागतात. त्यांना वाटतं, सर आता डबल मीनिंगचा जोक मारणार.

जोक नाही मारत, हिशोब सांगतो.

दादांचं मूळ गाव भोर तालुक्यातलं इंगवली, म्हणजे माणूस आपल्याच जिल्ह्यातला. जन्म मुंबईत नायगावला, 8 ऑगस्ट 1932 चा, गिरणी कामगाराच्या घरात. अपना बाजारमध्ये नोकरी केली, बँडमध्ये वाजवलं, सेवादलाच्या कलापथकात काम केलं. स्वतःचा पहिला पिक्चर 'सोंगाड्या' आला 1971 साली. म्हणजे तोवर गडी चाळिशीला टेकला होता. तुम्ही 26 व्या वर्षी "उशीर झाला सर" म्हणून रडता, म्हणून मुद्दाम सांगितलं.

आता खरी गंमत बघा. 'सोंगाड्या'च्या आधी दादा काय करत होते? वसंत सबनीसांनी लिहिलेलं 'विच्छा माझी पुरी करा' हे लोकनाट्य. त्याचे दीड हजारावर प्रयोग झाले. चौफुल्याला ज्यांनी ढोलकी ऐकलीय त्यांना वगाचा हा प्रकार समजावून सांगायला नको. समोर लोक बसलेले असतात. वाक्य पडलं की लगेच कळतं, उचललं गेलं तरी लगेच कळतं. न चाललेलं वाक्य उद्या काढून टाकता येतं, आजच्या पेपरातली बातमी आज रात्रीच्या प्रयोगात घालता येते. दादा तर त्यात वस्ताद. पिक्चरचं तसं नाही. एकदा रीळ थेटरात गेली की संपलं, पैसे अडकले ते अडकले. मधे भालजी पेंढारकरांच्या 'तांबडी माती'त (1969) काम केलं, सिनेमाचं काम जवळून बघितलं, आणि मग स्वतः निर्माता झाले. तोवर कुठल्या गोष्टीला आपलं गिऱ्हाईक हसतं हे त्यांना रात्रीमागून रात्री कळत गेलं होतं, आणि तेसुद्धा तिकीट काढून आलेल्या लोकांकडून.

'सोंगाड्या'ची एक गोष्ट सगळेच सांगतात. दादरचं कोहिनूर थेटर मिळेना, तिथं देव आनंदचा पिक्चर लागणार होता, मग बाळासाहेब ठाकरे मधे पडले. ही गोष्ट ऐकून पोरं म्हणतात, "बघा सर, शेवटी ओळखच लागते." मला हे पटत नाही. ओळखीनं थेटर मिळालं, कबूल. पण ओळखीनं 25 आठवडे खुर्च्या भरत नाहीत. आणि एकदा नाही, ओळीनं नऊ पिक्चर सिल्व्हर ज्युबिली! गिनीज बुकात नोंद आहे. आमदारांच्या चिठ्ठीनं तुम्हाला गाळा मिळेल, पण गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येईल का?

आता तुमच्याकडं येतो. समजा, दौंड तालुक्यात गुऱ्हाळं भरपूर आहेत म्हणून तुम्हाला गूळ पावडरचं युनिट टाकायचंय. पीएमईजीपीत ग्रामीण भागात सर्वसाधारण गटाला 25 टक्के, महिला आणि इतर विशेष गटांना 35 टक्के अनुदान, म्हणून घरात सगळे खूश. पण ते अनुदान तुमच्या हातात पडत नाही हो! ते बँकेत तीन वर्षं अडकून राहतं आणि मग कर्जात वळतं होतं. हप्ता त्याच्या कितीतरी आधी सुरू होतो. धंदा बसला तर मशीन निम्म्या किमतीत जातं, आणि घरी वडिलांसमोर बसायची चोरी होते. असं झालेली घरं मी बघितलीत.

म्हणून आधी तुमचा वग लावा. चांगल्या गुऱ्हाळवाल्याकडून 50 किलो तयार पावडर उचला. एफएसएसएआयची छोटी नोंदणी काढा. अर्ध्या किलोची पाकिटं भरा. शिरूरच्या बाजारात बसा, रांजणगावला एमआयडीसीतल्या सुट्टीच्या वेळी उभे राहा, महागणपतीच्या रस्त्याला विका. न्हावरा-चौफुला रस्त्यानं दोन्ही तालुके एका दिवसात फिरून होतात, पेट्रोलचा बहाणा सांगू नका. वहीत दोनच रकाने करा, नवीन गिऱ्हाईक किती आणि परत आलेलं किती. लोक काय म्हणाले तेही लिहा. "पावसात गोळा होतो" असं चार जण म्हणाले तर पाकीट बदला. हा बदल आज काही हजारांत होतो.

आणि दादांच्या विनोदाला नाक मुरडणाऱ्यांना एवढंच सांगतो, मलाही त्यातलं सगळं आवडत नाही. पण त्यांना आपलं गिऱ्हाईक पक्कं माहीत होतं. 'पांडू हवालदार'पासून (1975) दिग्दर्शनही स्वतः करायला लागले, तरी ढगळी चड्डी आणि लोंबणारी नाडी काही सोडली नाही. पुढं हिंदीतही गेले, पण मराठीतलं ते स्थान तिथं मिळालं नाही. पुण्यातल्या मॉलचं पॅकिंग बघून आपलं पाकीट इंग्रजीत छापणाऱ्यांनी हे जरा बघावं.

तीन महिन्यांची वही घेऊन या, मग मशीनचं बोलू. प्रोजेक्ट रिपोर्ट कसा भरायचा ते पुढच्या व्हिडिओत दाखवतो. कोटेशनची मुदत संपली तर संपू द्या, ते लोक नवीन देतात.