उतरता उतरता पुन्हा आकाशात

विमान धावपट्टीच्या अगदी समीप आलेले असते. खिडकीतून घरांची छपरे आणि रस्त्यावरील वाहने स्पष्ट दिसू लागलेली असतात. चाके खाली आल्याचा आवाज होऊन गेलेला असतो. काही अधीर प्रवाशांचे हात भ्रमणध्वनी सुरू करण्यासाठी खिशाकडे गेलेले असतात. इतक्यात इंजिनांचा आवाज एकाएकी वाढतो, विमानाचे नाक वर उचलले जाते आणि क्षणापूर्वी हाताशी आलेली जमीन झपाट्याने दूर जाऊ लागते. केबिनमध्ये एक विचित्र शांतता पसरते. कोणी कुलदैवताचे स्मरण करतो, कोणी शेजाऱ्याचा हात घट्ट धरतो, तर कोणी मनगटावरील घड्याळाकडे पाहून कपाळाला आठ्या घालतो. पंधरा-वीस मिनिटांनी विमान सुखरूप उतरते. मग सामानाच्या पट्ट्यापाशी उभे असताना एखादे वाक्य हमखास कानी पडते, "पायलट नवशिका असावा. पहिल्या खेपेस जमलेच नाही."

वास्तविक, त्या प्रवाशाने नुकताच अनुभवलेला प्रसंग वैमानिकाच्या अपयशाचा नसतो. तो त्याच्या प्रगल्भतेचा असतो. हवाई वाहतुकीच्या परिभाषेत या कृतीला 'गो अराउंड' म्हणतात. उतरण्याचा प्रयत्न सोडून द्यावयाचा, पुन्हा उंची गाठावयाची आणि सारी मांडणी नव्याने करून परत यावयाचे, असा तिचा साधा अर्थ. ही कृती प्रत्येक वैमानिकास शिकविली जाते आणि तिचा सराव वारंवार करून घेतला जातो. तरीही आवश्यक त्या क्षणी ती न केल्यामुळे किती अनर्थ ओढवतो, हे भारताने गेल्या काही वर्षांत दोनदा पाहिले आहे.

मंगळूर आणि कोळिकोड

२२ मे २०१० रोजी पहाटे दुबईहून आलेले एअर इंडिया एक्स्प्रेसचे बोइंग ७३७ विमान मंगळूरच्या धावपट्टीवर थांबू शकले नाही आणि टोकापलीकडील दरीत कोसळले. विमानातील १६६ जणांपैकी १५८ जण मृत्युमुखी पडले. केवळ ८ जण बचावले. मंगळूरची धावपट्टी टेकडीचा माथा सपाट करून बांधलेली असल्याने तिच्या टोकाला चुकीला क्षमा नाही.

या अपघाताच्या चौकशीचे नेतृत्व भारतीय हवाई दलाचे माजी उपप्रमुख एअर मार्शल भूषण गोखले यांनी केले. चौकशीतून निष्पन्न झालेले वास्तव मन विषण्ण करणारे होते. विमानात कोणताही यांत्रिक बिघाड नव्हता. मुख्य वैमानिकाच्या गाठीशी दहा हजारांहून अधिक तासांच्या उड्डाणाचा अनुभव होता. मात्र प्रवासातील बराच काळ तो झोपेत होता आणि त्या झोपेची गुंगी पूर्णतः ओसरण्यापूर्वीच उतरण्याची वेळ आली होती. विमानतळाचे रडार त्या दिवशी बंद असल्याने विमानाला खाली येण्याची अनुमती नेहमीपेक्षा उशिरा मिळाली. त्यामुळे विमान अपेक्षित उंचीच्या बरेच वर राहिले आणि धावपट्टीचा मोठा भाग ओलांडून गेल्यावर टेकले. कॉकपिटमधील यंत्रणा धोक्याचा इशारा देत होती आणि सहवैमानिकाने तीनदा 'गो अराउंड' असे सांगितले होते. तीनदा! तो इशारा मानला गेला असता, तर त्या पहाटे प्रवाशांना घरी पोहोचण्यास पाव तास उशीर झाला असता, एवढेच.

त्यानंतर दहा वर्षांनी, ७ ऑगस्ट २०२० रोजी, कोळिकोड येथे जवळजवळ तोच प्रसंग पुन्हा घडला. विमान त्याच कंपनीचे, त्याच जातीचे, दुबईहूनच आलेले आणि धावपट्टीही टेकडीवरचीच. पावसाळी सायंकाळ होती. पहिला प्रयत्न सोडून देण्याचा शहाणपणा वैमानिकाने दाखविला होता. परंतु दुसऱ्या खेपेस पाठीमागून वारा असताना विमान धावपट्टीचे जवळजवळ निम्मे अंतर ओलांडून टेकले आणि ओल्या पट्टीवरून पुढे जाऊन कोसळले. दोन्ही वैमानिकांसह २१ जणांनी प्राण गमावले. येथेही सहवैमानिकाने 'गो अराउंड' म्हटले होते. दुसऱ्या दिवशी सकाळच्या उड्डाणासाठी वेळेवर परतले पाहिजे, हे दडपण मुख्य वैमानिकाच्या मनावर होते, असेही तपास अहवालाने नमूद केले आहे. कर्तव्यात कसूर होऊ नये ही भावना एरवी गुण ठरते. त्या सायंकाळी तीच घातक ठरली.

शेपटाचा मोह

अनुभवी माणूस परत का फिरत नाही? 'हत्ती गेला आणि शेपूट राहिले' ही म्हण यातील मानसिकता अचूक सांगते. तीन-चार तासांचा प्रवास पार पडलेला असतो आणि समोर दिवे दिसत असतात. एवढ्यासाठी पुन्हा फेरी मारावयाची, इंधन जाळावयाचे, प्रवाशांची नाराजी ओढवून घ्यावयाची, यापेक्षा थोडे सांभाळून घेऊ, असे मन सांगते. वास्तविक नियम निःसंदिग्ध आहे. धावपट्टीपासून ठरावीक उंचीवर, ढगाळ हवामानात सामान्यतः हजार फुटांवर, विमानाचा वेग, खाली येण्याचा दर, दिशा आणि पंखांची रचना हे सारे योग्य मर्यादेत नसेल, तर प्रयत्न तेथेच सोडून द्यावयाचा. 'फ्लाइट सेफ्टी फाउंडेशन' या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, अशा अस्थिर स्थितीत आलेल्या विमानांपैकी केवळ सुमारे तीन टक्के विमाने परत फिरतात. उरलेली उतरतात आणि बहुतेक वेळा सुखरूप उतरतात. खरा धोका या सुखरूपतेतच दडलेला आहे. नियम मोडूनही काही बिघडले नाही, हा अनुभव पुढील खेपेस नियम मोडण्याचे धैर्य देतो. महामार्गावरील 'अति घाई संकटात नेई' ही पाटी वाचून हसणारा वाहनचालक याच वृत्तीचा प्रतिनिधी असतो.

बँकेच्या व्यवहाराशी परिचित असलेल्यांना हे तत्त्व नवे वाटू नये. नोटांचे बंडल मोजताना आकड्याविषयी शंका आली, तर जाणता रोखपाल अंदाजाने आकडा पुढे ढकलत नाही. तो पुन्हा पहिल्या नोटेपासून मोजणी सुरू करतो. रांगेतील ग्राहक चुळबुळ करतात, परंतु त्या पुनर्मोजणीला कोणी रोखपालाचे अपयश मानत नाही. वैमानिकाची फेरी ही त्याची पुनर्मोजणीच होय.

कनिष्ठाचा आवाज

दोन्ही अपघातांतील अधिक अस्वस्थ करणारी बाब अशी की, धोका ओळखणारी व्यक्ती कॉकपिटमध्येच बसलेली होती. तिने तो बोलूनही दाखविला, परंतु नियंत्रण मात्र हाती घेतले नाही. मंगळूरच्या चौकशीत याचे एक संभाव्य कारण नोंदले गेले. सहवैमानिकाने स्वतःच्या अधिकारात विमान वर न्यावे काय, याविषयीच्या सूचनांत पुरेशी स्पष्टता नव्हती.

हा प्रश्न केवळ भारताचा नाही. २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या टेनेरिफे बेटावर दोन जंबो जेट विमानांची धावपट्टीवर टक्कर होऊन ५८३ जण मरण पावले. समोरचे विमान पट्टीवरून बाजूला झाले आहे ना, अशी शंका उड्डाण करणाऱ्या विमानातील अभियंत्याने विचारली होती. ज्येष्ठ कप्तानाने ती एका शब्दात निकाली काढली. पुढे जगभर वैमानिकांच्या प्रशिक्षणात मोठे परिवर्तन झाले. कनिष्ठाने निर्भयपणे बोलावे, ज्येष्ठाने ते ऐकावे आणि न ऐकल्यास कनिष्ठाने कृती करावी, हे विमान चालविण्याइतकेच महत्त्वाचे कौशल्य मानले जाऊ लागले.

भारतीय समाजात हे कौशल्य रुजविणे सोपे नाही. वडीलधाऱ्यांसमोर तोंड उघडू नये, हे संस्कार लहानपणापासून मनावर बिंबलेले असतात. घरात ते शोभून दिसतात, पण ताशी अडीचशे किलोमीटर वेगाने धावपट्टीकडे झेपावणाऱ्या यंत्रात नाही. बँकेची तिजोरी एका चावीने उघडत नाही. दुसरी चावी असलेला अधिकारी पदाने कनिष्ठ असला तरी त्याच्यावाचून दार हलत नाही. या व्यवस्थेत कोणाच्याही सचोटीवर अविश्वास नाही. माणूस चुकू शकतो, याचा तो विनम्र स्वीकार आहे. कॉकपिटमधील दुसरे आसनही दुसरी चावी मानले गेले पाहिजे.

विश्रांती ही चैन नव्हे

मंगळूरच्या अहवालातील झोपेचा उल्लेख दुसऱ्या एका वादाशी जोडलेला आहे. वैमानिकांच्या कामाच्या आणि विश्रांतीच्या तासांविषयीचे सुधारित नियम नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने जानेवारी २०२४ मध्ये जाहीर केले. त्यानुसार साप्ताहिक सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर नेण्यात आली आणि रात्रीच्या उतरण्यांवर कडक मर्यादा घालण्यात आल्या. नियमांची अंमलबजावणी २०२५ मध्ये दोन टप्प्यांत झाली. दुसऱ्या टप्प्यानंतर, डिसेंबर २०२५ मध्ये, देशातील सर्वात मोठ्या विमान कंपनीकडे पुरेशी वैमानिक-व्यवस्था नसल्याने हजारो उड्डाणे रद्द झाली. विमानतळांवर प्रवाशांचे अतोनात हाल झाले आणि त्या कंपनीला काही नियमांतून तात्पुरती सवलत द्यावी लागली.

त्या दिवसांत अनेकांनी नव्या नियमांनाच दोष दिला. हा दोष अनाठायी होता. नियम पूर्वसूचनेने आले होते. उणीव होती ती तयारीची. लग्नकार्य, परीक्षा, शस्त्रक्रिया हुकलेल्या प्रवाशांचा संताप सर्वस्वी न्याय्य होता, मात्र तो नियोजनाच्या अभावाकडे वळावयास हवा होता, वैमानिकाच्या झोपेकडे नव्हे. थकलेल्या चालकाच्या हाती आपल्या मुलांची शालेय बस सोपविण्यास कोणता पालक तयार होईल?

येथे भारतीय हवाई वाहतुकीच्या आरंभाचे स्मरण उपयुक्त ठरेल. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहू येथे टपाल आणले आणि नियमित सेवेचा प्रारंभ झाला. वक्तशीरपणा हे त्या सेवेचे ब्रीद होते. परंतु पावसाळ्यात जुहूचे मैदान चिखलाने भरून जाई, तेव्हा ती मंडळी चिखलात विमान उतरविण्याचा पराक्रम करीत नसत. आपला मुक्काम ते पुण्यास, येरवड्याच्या मैदानावर हलवीत. खरा वक्तशीरपणा पर्यायी व्यवस्था आधीच करून ठेवण्यातून येतो. संकटाकडे डोळेझाक केल्याने तो येत नाही.

प्रवाशाचा वाटा

सुरक्षितता ही केवळ वैमानिक, कंपनी आणि शासन यांची जबाबदारी आहे, असे मानून प्रवाशाला मोकळे होता येणार नाही. विमान कंपनी अखेर ग्राहकाच्या पसंतीकडे पाहून चालते. ग्राहक स्वस्त तिकीट आणि घड्याळ या दोनच गोष्टींना दाद देऊ लागला, तर त्याचा भार कळत-नकळत कॉकपिटपर्यंत पोहोचतो. म्हणून प्रवाशाने दोन प्रकारच्या विलंबांत भेद करावयास शिकले पाहिजे. ढिसाळ नियोजन, माहिती दडवून ठेवणे, परतावा देण्यात टाळाटाळ यांविरुद्ध त्याने अवश्य तक्रार करावी, नियमांनुसार भरपाईही मागावी. परंतु हवामान, यांत्रिक तपासणी, कर्मचाऱ्यांची विश्रांती किंवा गो अराउंड यामुळे झालेला उशीर हा तिकिटाच्या मूल्यातच समाविष्ट असलेली सेवा समजून स्वीकारावा. त्या उशिराबद्दल दारात उभ्या असलेल्या हवाई सुंदरीवर डाफरणे म्हणजे आपल्याच सुरक्षिततेवर डाफरणे होय.

अपघातानंतरही हाच संयम हवा. १२ जून २०२५ रोजी अहमदाबाद येथे एअर इंडियाचे विमान उड्डाणानंतर लगेच कोसळून विमानातील २४१ आणि जमिनीवरील १९ जणांचा मृत्यू झाला. तपास सुरू होतो न होतो तोच घरोघरी दूरचित्रवाणीसमोर निवाडे दिले जाऊ लागले. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या नियमांनुसार अपघात तपासाचा एकमेव हेतू पुढील अपघात टाळणे हा असतो, दोष वा दायित्व ठरविणे हा नव्हे. 'पुढच्यास ठेच, मागचा शहाणा' या म्हणीचेच ते शासकीय रूप आहे. परंतु मागचा शहाणा व्हावयाचा असेल, तर पुढच्यास ठेच नेमकी कशाने लागली, हे शांतपणे समजून घ्यावे लागते. मंगळूरची ठेच मनापासून समजून घेतली गेली असती, तर कोळिकोडची कदाचित टळली असती.

यापुढे उतरता उतरता विमान पुन्हा आकाशात झेपावले, तर घड्याळाकडे पाहण्यापूर्वी क्षणभर समोरच्या बंद दाराकडे पाहावे. त्या दारापलीकडे कोणीतरी शंका बोलून दाखविली आहे, कोणीतरी ती ऐकली आहे, आणि दोघांनी मिळून दीडशे-दोनशे कुटुंबांच्या वतीने थोडा उशीर पत्करला आहे. विमानातून उतरताना दारापाशी त्यांच्यापैकी कोणी दिसलेच, तर तक्रारीऐवजी दोन शब्द आभाराचे बोलावेत. पुढच्या खेपेस परत फिरण्याचा निर्णय घेताना ते शब्द कदाचित त्यांच्या कामी येतील.