आधी नकाशा, मग नारळ

मोहल्ल्यातल्या मशिदीवर मजला चढवायचा असला की आपल्या समाजाला लोकशाही कोणी शिकवावी लागत नाही. वजूखाना कोणत्या बाजूला, नळ किती, म्हाताऱ्यांसाठी पायरी किती उंच, यावर इशाच्या नमाजनंतर तासन्‌तास बैठका चालतात. सिमेंटच्या गोण्या मोजायला माणूस बसतो. हे चांगलेच आहे. पण त्याच मोहल्ल्यातली जिल्हा परिषदेची पडकी उर्दू शाळा निर्लेखित होऊन नवी इमारत मंजूर झाली, तर तिचा नकाशा पाहायला मागणारा एक माणूस निघत नाही. नारळ फोडायच्या दिवशी मात्र फोटोत उभे राहायला जागा पुरत नाही.

सच्चर समितीने २००६ साली सांगितले की शाळेच्या वयाच्या मुस्लिम मुलांपैकी जेमतेम ३ टक्के मदरशात जातात. चर्चा मात्र आजही मदरशांचीच होते, चंदाही तिकडेच जातो. आपल्या गोरगरिबांची बहुसंख्य मुले जिथे बसतात ती सरकारी शाळा. तिला आपण ‘सरकारची’ म्हणतो आणि हात झटकतो.

कायदा असे म्हणत नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्याच्या कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असले पाहिजेत आणि निम्म्या सदस्य स्त्रिया. कलम २२ प्रमाणे या समितीने शाळा विकास आराखडा करायचा आणि शासनाने त्याच आराखड्याच्या आधारे योजना आखून अनुदान द्यायचे. म्हणजे मागणी खालून वर जायची आहे. प्रत्यक्षात नकाशा वरून खाली येतो, तोही इंग्रजीत. कुठल्याही गावाला चालेल असा छापील साचा. ठरावाच्या वहीवर समितीतल्या मातांच्या सह्या घरोघर फिरून गोळा केल्या जातात. कोणी बाई ‘हे काय आहे’ विचारते, तर उत्तर मिळते, ‘शाळा का काम है आपा, इधर दस्तखत करो.’ याला कागदावर लोकसहभाग म्हणतात.

त्या बाईला विचारले असते तर तिने काय सांगितले असते? पहिली गोष्ट मुलींच्या संडासाची. साच्यात तो मैदानाच्या टोकाला, कुंपणाच्या भिंतीला लागून असतो. भिंतीपलीकडे पानटपरी आहे हे अभियंत्याला ठाऊक नसते, आईला असते. आतून कडी हवी, पाण्याचा नळ आत हवा, दार रस्त्याच्या बाजूला उघडता कामा नये. या तीन गोष्टी नसल्या की सहावी-सातवीची मुलगी दिवसभर पाणी पीत नाही, आणि पुढे महिन्यातले चार दिवस शाळेतच येत नाही. मग आम्ही हजेरीपटावर लाल शाई फिरवतो आणि ‘मुस्लिम मुलींची गळती’ या विषयावर प्रशिक्षणाला जाऊन बसतो.

दुसरी गोष्ट आठवीची. कायद्याने शिक्षण आठवीपर्यंत आहे, पण कितीतरी उर्दू शाळा सातवीलाच संपतात. आठवीसाठी दुसऱ्या गावी जायचे म्हटले की मुलीचे नाव कमी होते. आज वर्ग वाढवता आला नाही तरी उद्या वर मजला चढेल असा पाया आणि असे कॉलम आजच घालावे लागतात. पाया एका मजल्याचा घातला तर पुढची तीस वर्षे ‘जागा नाही’ हेच उत्तर मिळत राहणार.

शिक्षकांनाही कोणी विचारत नाही. उर्दूची ओळ उजवीकडून सुरू होते. फळ्याच्या उजव्या टोकावर दाराचा उजेड चकाकत असेल तर निम्म्या वर्गाला ओळीची सुरुवातच दिसत नाही. दार एका हाताने सरकवले की काम झाले. त्याला एक रुपयाही जास्त लागत नाही. उताराचा रॅम्प तर बहुतेक ठिकाणी असतो आणि त्याच्या शेवटी एक पायरीही असते!

‘अडाणी लोकांना नकाशा काय कळणार?’ हे वाक्य साहेबांच्या तोंडी असते, तसेच आपल्या पुढाऱ्यांच्याही. वास्तविक पाहता आपल्या शाळांतले निम्मे बाप गवंडी, सेंट्रिंगवाले, नळ जोडणारे, फरशी बसवणारे. दुसऱ्यांचे बंगले त्यांनीच बांधले. आणि बायकांसाठी कागद नको असेल तर खेळाचे मैदान आखताना मारतो तशी चुन्याची फक्की मारा, खऱ्या मापाची. इथे वर्ग, इथे दार, इथे संडास. त्यांना त्यातून चालू द्या. अर्ध्या तासात सगळे कळते.

दुसरी सबब मार्चअखेरची. निधी परत जाईल, आता चर्चा नको! ज्या छताखाली वर्षानुवर्षे बादल्या ठेवल्या, तेव्हा घाई नव्हती. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या निंबोडीला २०१७ च्या ऑगस्टमध्ये शाळेचे छत कोसळून मुले दगावली. २०२५ च्या जुलैत राजस्थानातल्या झालावाड जिल्ह्यात तेच झाले, ७ मुले गेली. घाई करायचीच तर जुने छत उतरवायची करावी.

आता आपल्या लोकांविषयी. ‘समाजाला विचारले’ म्हणजे जुम्याच्या नमाजनंतर चार मोठ्या मंडळींना विचारले. तिथे बाई नसते, रिक्षावाला गप्प असतो. आणि ही चार मंडळी एकमुखाने मागतात काय? तर शेजारच्या मराठी शाळेच्या मध्ये भिंत! दोन्ही शाळांचे मैदान एक आहे, पाण्याची टाकी एक आहे, मुले एकत्र खेळतात. भिंतीचा पैसा मुलींच्या संडासाला वळवा असे समितीत एका आईने म्हटले, तेव्हा तिला गप्प बसवण्यात आपलेच लोक पुढे होते.

अंदाजपत्रक आणि नकाशाची प्रत २००५ च्या माहिती अधिकारात मागता येते. समितीला तर ती न मागता मिळाली पाहिजे. उर्दूत किंवा मराठीत, मापांसकट, आयांच्या सभेत मोठ्याने वाचून. आणि हे कार्यारंभ आदेशाच्या आधी. कॉलम उभे राहिल्यावर केलेल्या तक्रारीचा उपयोग फक्त ठेकेदाराला होतो. ती दाखवून तो मुदतवाढ घेतो.