पाणी ‘देतो’ म्हणणारे आपण कोण?

‘एकदा त्यांचे पाणी तोडा, मग बघा कसे सरळ येतात!’ हे वाक्य हल्ली लग्नाच्या पंगतीत, सकाळच्या फिरण्यात आणि आमच्या घराण्याच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर सारखे ऐकायला-वाचायला मिळते. २०२५ च्या एप्रिलमध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर आपण पाकिस्तानबरोबरचा सिंधू करार स्थगित ठेवला, तेव्हापासून तर त्याला फारच जोर चढला. पाकिस्तानचे प्रकरण वेगळे आहे, त्यावर आज लिहीत नाही. पण तेच वाक्य आता बांगलादेशाकडेही वळवले जाते, आणि तिथे मात्र मला गप्प बसवत नाही. पाणी आणि रस्ता यांची हत्यारे करणे अन्यायाचे तर आहेच, पण नुसत्या व्यवहाराने पाहिले तरी अडाणीपणाचे आहे, असे माझे म्हणणे आहे. गटावरच्या चिरंजीवांनो आणि सूनबाईंनो, रागवा, पण पूर्ण वाचून रागवा.

पहिली तक्रार शब्दाबद्दल. ‘आपण त्यांना पाणी देतो.’ देतो म्हणजे काय? भारत आणि बांगलादेश यांच्यात ५४ सामायिक नद्या आहेत. त्या नद्या सरहद्द आखण्याच्या आधीपासून खाली वाहत होत्या आणि खालचे लोक तेव्हापासून त्यांचे पाणी पीत होते. सरहद्द १९४७ मध्ये आखली गेली. वर राहणारा खालच्याला पाणी देत नसतो, फार तर अडवत नसतो. जे आपण अडवतो ते मोजायचे सोडून जे अडवत नाही त्याचे उपकार मोजायचे, ही कोणत्या शाळेतली बेरीज?

आता फराक्का बघा. पश्चिम बंगालमध्ये मुर्शिदाबाद जिल्ह्यात, बांगलादेशच्या सरहद्दीपासून वीस किलोमीटरच्या आत, गंगेवर १०९ दरवाजांचा बंधारा आहे. तो शेतीसाठी बांधलेला नाही हे पुष्कळांना ठाऊकच नसते. कोलकाता बंदर गाळाने भरत चालले होते, म्हणून गंगेतून ४०,००० क्युसेक पाणी कालव्याने भागीरथी-हुगळीत सोडायचे आणि गाळ धुऊन काढायचा, अशी ती योजना. कपिल भट्टाचार्य नावाचे बंगालमधलेच एक अभियंते ओरडून सांगत होते की याने गाळ जाणार नाही, उलट वरच्या अंगाला पूर येतील आणि पूर्व बंगालशी भांडण लागेल. त्या गृहस्थांना पाकिस्तानचा हस्तक ठरवले गेले. (देशद्रोहाचा शिक्का मारायची आपली सवय काही व्हॉट्सअ‍ॅपने आणलेली नाही.) पुढे काय झाले? कोलकाता बंदराला गाळ उपसण्याचा खर्च चुकला नाही, खाली हल्दियाला दुसरी गोदी बांधावी लागली. मालदा-मुर्शिदाबादची गावेच्या गावे गंगेने खाल्ली. आणि २०१६ च्या पुरानंतर बिहारचे मुख्यमंत्री नितीशकुमार यांनीच फराक्का काढून टाका अशी मागणी केली. म्हणजे बंधाऱ्यावर रागावलेले फक्त ढाक्यात नाहीत, पाटण्यातही आहेत.

हा बंधारा सुरू कसा झाला तेही सांगते. १९७५ च्या एप्रिलमध्ये चाचणी म्हणून ४१ दिवस, ठरावीक पाणी घ्यायचे, असे ढाक्याशी ठरले. मे संपला, मुदत संपली. पाणी घेणे संपले नाही. ऑगस्टमध्ये तिकडे शेख मुजीब यांची हत्या झाली, बोलणी थांबली आणि आपण कराराशिवायच पाणी घेत राहिलो. १९७६ च्या मे महिन्यात मौलाना भाशानी यांनी, नव्वदी उलटलेली असताना, राजशाहीहून फराक्क्याच्या दिशेने हजारो लोकांचा मोर्चा काढला. त्यांचे सगळे राजकारण मला पटते असे नाही. पण त्या वयात माणूस पाण्यासाठी रस्त्यावर उतरतो तेव्हा त्याच्या नदीचे काहीतरी झालेले असते एवढे कळायला हरकत नसावी. पद्मेला फुटणारी गोराई नावाची नदी आहे, ती नैऋत्य बांगलादेशला गोडे पाणी पोचवते. उन्हाळ्यात तिचे तोंडच कोरडे पडू लागले, खुलन्याकडे समुद्राचे खारे पाणी आत चढले, सुंदरबनातल्या सुंदरीच्या झाडांनाही त्याचा त्रास झाला.

१९७७ चा करार पाच वर्षांचा, मग दोन तात्पुरते समझोते, मग १९८८ पासून काहीच नाही. अखेर १२ डिसेंबर १९९६ ला देवेगौडा आणि शेख हसीना यांनी ३० वर्षांचा करार केला. ज्योती बसू यांनी त्यात मनापासून मदत केली, हे त्यांच्या विरोधकांनीही मान्य करावे. त्याचे गणित सातवीच्या मुलालाही कळेल असे आहे. १ जानेवारी ते ३१ मे, दहा-दहा दिवसांचे हिशेब. फराक्क्याला ७०,००० क्युसेकपर्यंत पाणी असेल तर निम्मे-निम्मे. ७०,००० ते ७५,००० असेल तर बांगलादेशला ३५,००० आणि उरलेले आपल्याला. त्याहून जास्त असेल तर आपल्याला ४०,००० आणि बाकी त्यांना. शिवाय ११ मार्च ते १० मे या अगदी कोरड्या दिवसांत आळीपाळीने दहा-दहा दिवस प्रत्येकाला ३५,००० ची हमी.

ऐकायला किती छान! गोम अशी की हे सगळे १९४९ ते १९८८ च्या सरासरी प्रवाहावर बेतलेले आहे. आणि पाणी ५०,००० च्या खाली गेले तर काय? तर ‘दोन्ही सरकारे ताबडतोब विचारविनिमय करतील.’ १९७७ च्या करारात पाणी कितीही घटले तरी बांगलादेशला ठरल्या वाट्याच्या ८० टक्के मिळतीलच असे कलम होते, ते १९९६ मध्ये गळाले. उत्तर प्रदेश-बिहारमध्ये उपसा वाढला, पाऊसमान बदलले आणि सरासरी मात्र जुनीच. या कराराची मुदत डिसेंबर २०२६ पर्यंतची. नवा करार करताना आजचा प्रवाह मोजून आणि किमान पाण्याची हमी घालूनच तो व्हायला हवा असे मला ठामपणे वाटते.

‘आधी आपले भागवा, मग शेजाऱ्याचे,’ असे कोणी म्हणेल. म्हणा, पण मराठवाड्यात बसून म्हणू नका! जायकवाडीच्या डाव्या कालव्यावर टेलच्या शेतकऱ्याला आवर्तन कसे पोचते, की पोचतच नाही, हे आपल्याला माहीत आहे. वर नाशिक-नगरला धरणे भरलेली आणि नाथसागर रिकामा, तेव्हा आपण मोर्चे काढले, कोर्टात गेलो, २००५ च्या कायद्यातल्या समन्यायी पाणीवाटपावर बोट ठेवले. आपण नाशिककरांकडे भीक मागत होतो का? आपण हक्क मागत होतो. तो हक्क पासपोर्ट बदलला की उपकार कसा होतो, हे मला कोणीतरी समजावून सांगावे.

बरे, आता रस्त्याकडे येऊ, कारण या भांडणात पाणी आणि रस्ता एकमेकांच्या शेपट्या धरून चालतात. वर्गात भारताचा नकाशा लावला की मुले सिलिगुडीच्या त्या चिंचोळ्या मानेवर बोट ठेवून हमखास विचारत, ‘बाई, इथे कोणी मान धरली तर?’ प्रश्न अगदी बरोबर होता. ती मान सर्वांत अरुंद जागी जेमतेम वीस-बावीस किलोमीटर रुंद आहे. आगरतळ्याहून कोलकात्याला गुवाहाटीवरून जायचे तर साधारण १,६०० किलोमीटर, बांगलादेशमधून सरळ गेले तर त्याच्या सुमारे एक तृतीयांश. म्हणजे पाण्यात आपण वर बसलो आहोत, पण रस्त्यात ते मध्ये बसले आहेत.

सप्टेंबर २०११ मध्ये मनमोहन सिंग ढाक्याला निघाले तेव्हा तिस्तेचा मसुदा तयार होता, भारताला ४२.५ टक्के आणि बांगलादेशला ३७.५ टक्के. ऐनवेळी ममता बॅनर्जी यांनी येण्यास नकार दिला, तिस्ता करार बारगळला. ढाक्याने लगेच आपल्याला हवी असलेली मालवाहतुकीच्या परवानगीची पत्रे बाजूला ठेवली. फिट्टंफाट! ममताबाईंची बाजू अगदीच पोकळ नव्हती. उन्हाळ्यात तिस्तेला पाणी खरोखरच थोडे असते आणि उत्तर बंगालच्या शेतकऱ्याला गाजलडोबाच्या बंधाऱ्याचे पाणी लागते. पण मग थोडे पाणी थोडे-थोडे वाटायचे असते. मुळीच वाटायचे नाही हा हिशेब होत नाही.

आणि त्याच सुमाराला ढाक्याने आपल्यासाठी काय केले ते ऐका. त्रिपुरात पालाटाणा इथे ७२६ मेगावॅटचे वीजकेंद्र उभे राहत होते. त्याची अजस्र यंत्रे सिलिगुडीच्या डोंगरवळणांतून नेणे अशक्य होते. ती बोटीने आशुगंजला उतरवून रस्त्याने आगरतळ्याला नेण्यास बांगलादेशने परवानगी दिली. जुने पूल ते वजन पेलणारे नव्हते, म्हणून पुलांच्या बाजूने, चक्क तितास नदीच्या पात्रात भर टाकून वाट केली गेली. ऋत्विक घटक यांनी १९७३ मध्ये जिच्यावर चित्रपट काढला तीच ही तितास. आपल्या विजेसाठी दुसऱ्याने आपली नदी काही महिने बुजवून घेतली. हे आमच्या गटावर कोणी पाठवल्याचे मला आठवत नाही. पुढे २०१६ मध्ये त्या मार्गाने मालवाहतूक नियमित झाली, टनामागे सुमारे १९२ टका शुल्क घेऊन. ढाक्यात अनेकांना ते फारच कमी वाटले.

ढाकाही काही धुतल्या तांदळाचा नाही. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये त्रिपुरातल्या साब्रूम गावाच्या पिण्यासाठी फेनी नदीतून १.८२ क्युसेक पाणी घेण्याचे ठरले. म्हणजे सेकंदाला सुमारे ५१ लिटर. दहा हजार लिटरचा टँकर भरायला सव्वातीन मिनिटे लागतील एवढीच धार! त्यावरून तिकडे ‘देश विकला’ अशी ओरड झाली. त्या करारांवर फेसबुकवर टीका करणाऱ्या एका अभियांत्रिकी विद्यार्थ्याला तेव्हाच्या सत्ताधारी पक्षाच्या विद्यार्थी संघटनेच्या मुलांनी वसतिगृहात मारून टाकले. ओरडणारेही चूक आणि मारणारे तर राक्षसच. ऑगस्ट २०२४ मध्ये फेनीला महापूर आला तेव्हा भारताने डुंबूर धरणाचे दरवाजे मुद्दाम उघडले म्हणून मोर्चे निघाले, त्रिपुरा स्वतः पुरात बुडालेला असताना. दोन देशांच्या नदी आयोगाची मंत्रिपातळीवरची बैठक मार्च २०१० नंतर थेट ऑगस्ट २०२२ मध्ये झाली, मग अफवांना मोकळे रान मिळणारच.

हत्यार उगारून काय मिळते ते नेपाळात दिसले. २०१५ मध्ये तिकडे नवे संविधान आले आणि सीमेवर ट्रक अडकले, भूकंपातून नुकत्याच सावरणाऱ्या लोकांना गॅस-औषधे मिळेनात. आपण म्हणालो, नाकेबंदी आमची नाही. काठमांडूत कोणाला पटले? मार्च २०१६ मध्ये ओलींनी चीनशी वाहतुकीचा करार करून टाकला. २०२५ च्या एप्रिलमध्ये आपण बांगलादेशचा माल आपल्या बंदर-विमानतळांवरून परदेशी नेण्याची २०२० पासूनची सोय काढून घेतली. कारण गर्दीचे सांगितले. बीजिंगमध्ये युनूस यांनी ईशान्य भारताबद्दल केलेले आगाऊ वक्तव्य त्याआधी दोनच आठवड्यांचे होते, तेव्हा लोक जे समजायचे ते समजले.

शेवटी चीन. जुलै २०२५ मध्ये चीनने तिबेटात यारलुंग त्सांगपोवर, म्हणजे आपल्या ब्रह्मपुत्रेवर, अवाढव्य धरणाचे काम सुरू केले. आपण काय म्हणालो? आधी विचारा, आकडे द्या, खालच्यांचे हित सांभाळा. २०१७ मध्ये डोकलामच्या ताणात त्यांनी पुराचे आकडे दिले नाहीत तेव्हा आपल्याला केवढा राग आला होता! रास्तच होता. पण चीनपुढे आपण जे मागतो तेच ढाका आपल्यापुढे मागतो.

म्हणून गटावरच्या मंडळींना माझी उलट विनंती. खासदारांना पत्र लिहायचेच असेल तर असे लिहा: फराक्क्याचे रोजचे आकडे दोन्ही देशांनी रोज जाहीर करावेत, नव्या करारात किमान पाण्याची हमी असावी, तिस्तेचे जे असेल ते थोडे पाणी टक्क्यांनी वाटावे, आणि रस्त्याचे शुल्क पाण्याशी न जोडता वेगळ्या टेबलावर ठरावे. पत्राचा मसुदा हवा असेल तर मी लिहून देते, टाईप मात्र तुमच्यापैकी कोणीतरी करा. जोडाक्षरांशी माझे अजून भांडण चालू आहे.