उदयभानाला लंपट ठरवून सुटका कोणाची झाली?

माघ वद्य नवमीच्या सुमारास सिंहगडावर जाण्याचा प्रघात आमच्या घरी वडिलांपासून आहे. मागे एकदा तानाजी मालुसऱ्यांच्या समाधीपाशी एका शाळेची सहल आली होती. सहावी-सातवीतील मुले. समाधीला वंदन झाले, घोषणा झाल्या, आणि एका चुणचुणीत मुलाने शिक्षकांना विचारले, ''सर, त्या राजकन्येला कोठे कोंडले होते?'' सरांनी क्षणभरही न अडखळता दूरच्या एका पडक्या भिंतीकडे बोट दाखविले. मुलांनी भक्तिभावाने त्या भिंतीकडे पाहिले. कुणी तिचे छायाचित्रही घेतले.

त्या भिंतीत कोणतीही राजकन्या कधीही कोंडली गेलेली नव्हती. ती राजकन्या कोंडली गेली आहे ती एका कादंबरीत आणि त्या कादंबरीवर पोसलेल्या शंभर वर्षांच्या चित्रपटांत.

हरिभाऊ आपट्यांनी गेल्या शतकाच्या आरंभी 'गड आला पण सिंह गेला' ही कादंबरी लिहिली. मराठी ऐतिहासिक कादंबरीचा पाया ज्यांनी घातला त्या हरिभाऊंविषयी आदर बाळगूनच हे लिहीत आहे. कोंढाण्याच्या लढाईला कथानकाचा डौल यावा म्हणून त्यांनी कमलकुमारी ही रजपूत विधवा निर्माण केली. ती सती जावयास निघालेली. उदयभानाची तिच्यावर वासना. तो तिचे हरण करतो आणि गडावर कैदेत ठेवतो. मग गड घेणे म्हणजे अबलेची सुटका करणे आणि उदयभानाचा वध म्हणजे त्या पापाचा सूड, असा सरळ हिशेब तयार झाला. कादंबरी म्हणून तो रंगला, यात शंका नाही.

या कथेवरच १९२३ साली बाबूराव पेंटरांनी कोल्हापुरात 'सिंहगड' हा मूकपट काढला. दहा वर्षांनी, १९३३ साली, प्रभातने व्ही. शांतारामांच्या दिग्दर्शनाखाली 'सिंहगड' बोलपट केला. मूकपटात याच शांतारामांनी शेलारमामांची भूमिका केली होती. आणि २०२० साली ओम राऊत यांचा 'तान्हाजी' हा हिंदी चित्रपट आला, तेव्हा नव्या तंत्राच्या झगमगाटात तीच विधवा, तीच चिता, तेच हरण आणि तोच सूड पुन्हा पडद्यावर अवतरला. भर म्हणून उदयभानाच्या विफल प्रेमाची पूर्वकथाही जोडली गेली. मधल्या काळात संशोधकांनी दप्तरेच्या दप्तरे धुंडाळली, साधने छापली, तारखा निश्चित केल्या. पडद्यावरची कमलकुमारी मात्र जागची हलली नाही.

बाबूरावांच्या चित्रपटाबद्दल दोन शब्द अधिक लिहिले पाहिजेत, कारण आज 'कमी खर्चाचा तलवारबाजीचा सिनेमा' म्हटले की शहाणी मंडळी नाक मुरडतात. परदेशी कॅमेरा विकत घेणे परवडत नव्हते म्हणून बाबूराव आणि दामल्यांनी कोल्हापुरात स्वतःच्या हातांनी कॅमेरा बनविला. तानीबाई कागलकरांनी भांडवलाला हात दिला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. लेथवर घासलेल्या पितळी भागांतून निघालेल्या त्या यंत्राने १९२० साली 'सैरंध्री' दिला. 'सिंहगड'च्या रात्रीच्या प्रसंगांसाठी बाबूरावांनी कृत्रिम प्रकाशाचा वापर केला. त्या काळी आपल्याकडे चित्रीकरण होत असे ते सूर्याच्या भरवशावर. मूळचा चित्रकार असलेल्या या माणसाने पडदे, पोशाख, शस्त्रे, सारे आपल्या नजरेखाली घडविले. पैसा नव्हता, पण कंजूषपणाही नव्हता. तेव्हा जे समीक्षक पोशाखी चित्रपट म्हणजे पुठ्ठ्याच्या तलवारी आणि कापसाच्या दाढ्या असे म्हणून सारा प्रकारच निकालात काढतात, त्यांच्याशी आमचे मुळीच जमणार नाही. ज्यांना फ्रेंच तलवारबाजांच्या चित्रपटांत 'शैली' दिसते त्यांना मावळ्यांच्या तलवारीत फक्त 'उन्माद' दिसावा, हा दृष्टिदोष आहे.

परंतु या मंडळींना उत्तर देताना आपण एक वाईट सवय लावून घेतली आहे. पडद्यावर भगवा दिसला, गर्जना झाली, की आपली चिकित्सा संपते. 'निदान विषय तरी आपला आहे' असे म्हणून आपण पदरमोड करून तिकिटे काढतो, शाळांना फुकट खेळ दाखवितो आणि लेखकाच्या आळसाला इतिहासप्रेमाचे प्रमाणपत्र देऊन येतो. हा लेख त्या सवयीविरुद्ध आहे.

कोंढाण्याची हकीकत मुळात काय आहे? जून १६६५ मध्ये पुरंदरचा तह झाला. तेवीस किल्ले आणि चार लाख होनांचा मुलूख मोगलांना द्यावा लागला. त्यात कोंढाणा गेला. पुढल्या वर्षी आग्र्याची कैद आणि सुटका. त्यानंतर महाराजांनी काही काळ मोगलांशी उघड युद्ध टाळले, राज्याची घडी बसविली, सैन्याची जमवाजमव केली. १६६९ मध्ये औरंगजेबाने मंदिरे पाडण्याचे फर्मान काढले आणि त्याच वर्षी काशीचे विश्वेश्वराचे मंदिर जमीनदोस्त झाले. १६७० च्या आरंभी महाराजांनी तह झुगारून दिला. ४ फेब्रुवारीच्या रात्री कोंढाणा घेतला गेला.

सभासदाची बखर लिहिली गेली ती महाराजांच्या निर्वाणानंतर दोन दशकांच्या आत. तिच्यात तानाजी आहे, पाचशे मावळे आहेत, रात्री कड्यावर चढलेली निवडक माणसे आहेत, उदयभानाशी झालेले द्वंद्व आहे, दोघांचेही रणांगणात पडणे आहे, सूर्याजीने सावरलेली लढाई आहे. कमलकुमारी नाही. घोरपडही नाही आणि रायबाचे लग्नही नाही. ते तुळशीदासाच्या पोवाड्यातले. पोवाड्याचा हक्क वेगळा आहे, तो लोकांच्या प्रेमाचा आहे, त्याला आम्ही हात लावणार नाही. एवढेच कशाला, गडाला 'सिंहगड' हे नाव त्या रात्रीनंतर पडले ही समजूतही टिकत नाही, कारण आधीच्या पत्रांतही ते नाव सापडते. तरीही तानाजीच्या पराक्रमाला तसूभर उणेपणा येत नाही. खरा पराक्रम कागदपत्रांनी झिजत नसतो.

मग कमलकुमारीवरच एवढा रोख का, असे वाचक विचारतील. एक काल्पनिक स्त्रीपात्र आले तर बिघडले काय? बिघडते ते असे.

उदयभान हा रजपूत होता. या एका वाक्यात मराठ्यांच्या, किंबहुना हिंदुस्थानच्या त्या शतकाची सारी वेदना साठविलेली आहे. काशीचे मंदिर पडून पुरते सहा महिनेही झाले नव्हते, आणि सह्याद्रीतील एका गडावर तोच हुकूम काढणाऱ्या बादशहाच्या वतीने एक शूर हिंदू योद्धा प्राणपणाने लढत होता. त्याच्याबरोबर शेकडो रजपूत लढत होते. ते भ्याड नव्हते. नीचही नव्हते. खाल्ल्या मिठाला जागणे हा त्यांचा धर्म होता आणि त्या धर्मापायी ते स्वराज्याच्या छातीवर तलवार धरून उभे होते. मिर्झाराजे जयसिंगांची गोष्ट याहून वेगळी नव्हती. निष्ठा कोणाशी? धन्याशी, कुळाशी, की भूमीशी आणि धर्माशी? शिवछत्रपतींनी या प्रश्नाचे नवे उत्तर दिले आणि ते उत्तर त्या काळच्या मोठमोठ्या हिंदू सरदारांना कळले नाही, हा इतिहास आहे.

आता त्याच उदयभानाला लंपट करा. विधवेच्या मागे लागलेला, प्रेमभंगाने पिसाळलेला, हिंस्र हसणारा. क्षणात प्रश्न मिटतो! तो मोगलांकडे का होता? कारण तो मुळातच दुष्ट होता. प्रेक्षकाला काही विचार करावा लागत नाही. आपल्यातलाच एक शूर पुरुष परक्या सत्तेचा खांब कसा झाला, ही अस्वस्थता त्याला घरी न्यावी लागत नाही. उदयभानाची बदनामी झाली आणि सुटका झाली ती आपली. समाजाचा दोष एका माणसाच्या वासनेवर ढकलून आपण मोकळे झालो. ज्यांना हिंदू समाजाच्या आत्मपरीक्षणाची आस आहे, त्यांनी तरी या सोयीला टाळ्या वाजवू नयेत.

त्याच वर्षीचे दुसरे उदाहरण पाहा. कोंढाण्यानंतर मराठ्यांनी माहुलीवर हल्ला केला. तेथील किल्लेदार मनोहरदास गौड, हाही रजपूत. त्याने हल्ला परतविला. मराठ्यांची मोठी हानी झाली. पण मागून कुमक येण्याची आशा नाही हे ओळखून या माणसाने किल्लेदारी सोडली. त्याच्या जागी अलावर्दी बेग आला आणि जूनमध्ये माहुली महाराजांच्या हाती पडली. मनोहरदासाच्या मनात त्या चार महिन्यांत काय चालले असेल? खरे नाट्य येथे आहे. त्याच्यावर चित्रपट निघालेला आमच्या ऐकिवात नाही. त्यात हरण नाही ना!

सूडाचे तेच. स्वराज्याचे युद्ध हे वैयक्तिक सूडाचे युद्ध नव्हते, हे त्याचे वैशिष्ट्य. सूडच घ्यावयाचा असता तर प्रतापगडाच्या पायथ्याशी अफझलखानाच्या देहाला कबर मिळाली नसती आणि मोगलांकडे जाऊन मुहम्मद कुलीखान झालेल्या नेताजी पालकरांना १६७६ मध्ये सन्मानाने स्वधर्मात परत घेतले गेले नसते. बापाच्या, भावाच्या वा प्रेयसीच्या मृत्यूचा वचपा काढण्यासाठी तलवार उचलणारा नायक हा जगातल्या कोणत्याही देशाच्या, कोणत्याही काळाच्या चित्रपटात चालतो. पोशाख बदलला की झाले. तानाजीला त्याच साच्यात ओतणे हा तानाजीचा गौरव कसा?

आणि ती चिता. शहाजीराजांच्या निधनानंतर, १६६४ मध्ये, जिजाऊसाहेब सती जावयास निघाल्या असता महाराजांनी त्यांची विनवणी करून त्यांना परत फिरविले. त्या मातेने पुढे दहा वर्षे राज्याला आधार दिला, रायगडावरचा राज्याभिषेक डोळ्यांनी पाहिला. ज्या राज्याच्या धन्याने आपल्या आईला चितेवरून मागे फिरविले, त्या राज्याची कथा सांगताना चितेचे सौंदर्य रंगविण्याची हौस कशाला?

हरिभाऊंचा बचाव करता येतो. ते इंग्रजी राज्यात लिहीत होते. राजसत्तेशी युद्ध हा विषय उघडपणे मांडणे तेव्हा सोपे नव्हते. एका दुष्ट किल्लेदाराच्या आडून बरेच काही सांगता येत असे. प्रभातने १९३० साली 'स्वराज्याचे तोरण' काढला तेव्हा इंग्रजांच्या सेन्सॉरला त्या नावातील पहिला शब्दच खुपला आणि चित्रपट 'उदयकाल' या नावाने प्रदर्शित करावा लागला. त्या काळच्या कलावंतांना आडपडदा लागत होता. आज कोणती सक्ती आहे? आज 'स्वराज्य' हा शब्द जाहिरातीच्या फलकावर हातभर अक्षरांत लिहिता येतो आणि आत मात्र तीच जुनी वासना आणि तोच सूड विकला जातो.

निर्माते सांगतात, लोकांना प्रेमकथा लागते, तीशिवाय गल्ला भरत नाही. हे लोकांवर लादलेले बालंट आहे. 'फर्जंद' हा २०१८ चा मराठी चित्रपट काही अफाट खर्चाचा नव्हता. साठ मावळ्यांनी पन्हाळा कसा घेतला, त्याआधी हेरांनी गडाची माहिती कशी काढली, हे पाहावयास गावोगावचे लोक आलेच की! त्याच्याही उणिवा आहेत. पण मोहिमेची आखणी हीच गोष्ट होऊ शकते, एवढे तरी त्याने दाखविले.

१६७० हे साल एखाद्या पटकथालेखकाने केवळ क्रमाने वाचून काढावे. फेब्रुवारीत कोंढाणा. मार्चमध्ये निळोपंतांनी पुरंदर घेतला, ज्या गडाच्या नावाने तो अपमानाचा तह झाला होता तोच. जूनमध्ये माहुली. ऑक्टोबरच्या आरंभी सुरतेची दुसरी लूट. आणि ती लूट घेऊन परतताना १७ ऑक्टोबरला वणी-दिंडोरीच्या मैदानात दाऊदखान कुरेशीशी उघडी लढाई, स्वतः महाराजांच्या नेतृत्वाखाली. नऊ महिन्यांत पुरंदरचा तह पुसून निघाला. यात एकही राजकन्या नाही. घोडी, दोर, हेर, रसद, पावसाळ्याचा हिशेब आणि माणसे आहेत. बाबूरावांजवळ घरी बनविलेला एक कॅमेरा होता आणि रात्र उजळण्यापुरते दिवे होते. ही पटकथा त्यांच्या हाती पडती तर त्यांनी ती तेवढ्याच साधनांत उभी केली असती, असे आम्हांस वाटते. कमलकुमारी मात्र त्यांना कादंबरीतून आयती मिळाली, आणि आजच्या निर्मात्यांना बाबूरावांकडून.

त्या दिवशी गड उतरण्यापूर्वी मी त्या शिक्षकांना बाजूला घेऊन सभासदात काय आहे ते सांगितले. भला माणूस. त्यांनी शांतपणे ऐकले आणि म्हणाले, ''खरे असेल हो, पण मुलांनी सिनेमा पाहिला आहे.''