हिब्रू कोणी बोलती केली? बेन-येहुदांची आख्यायिका आणि विस्मृतीत गेलेली बालवाडी

१/ मराठीत भाषाभिमानाची चर्चा निघाली की हिब्रूचा दाखला हमखास पुढे येतो: एलिएझर बेन-येहुदा या एका जिद्दी माणसाने मृत भाषा जिवंत केली. कथा स्फूर्तिदायक आहे. इतिहास म्हणून ती दिशाभूल करणारी आहे.

२/ मुळात हिब्रू मृत नव्हती. प्रार्थना, पत्रव्यवहार आणि विद्वानांचे लेखन यांत ती अखंड वापरात होती. १८५३ मध्ये अब्राहम मापू यांची हिब्रू कादंबरी आली. १८५६ मध्ये 'हा-मागिद' हे साप्ताहिक निघाले. उणीव एकच: ती कोणाचीही मातृभाषा नव्हती.

३/ बेन-येहुदा १८८१ मध्ये जेरुसलेमला आले. मुलाच्या कानी दुसरी भाषा पडू नये, असा त्यांचा कटाक्ष होता. परंतु एका घराने भाषा बोलून समाज बोलू लागत नाही. मुलाला सवंगडी लागतात, आणि ते शाळेत भेटतात.

४/ १८८६ मध्ये रिशोन लेझियोन या वसाहतीत हिब्रू माध्यमाची शाळा निघाली. १८९८ मध्ये तेथेच हिब्रू बालवाडी. त्याच वर्षी यित्झहाक एपश्टाइन या शिक्षकाने 'इव्रित बे-इव्रित', म्हणजे 'हिब्रूतूनच हिब्रू', ही पद्धत मांडली. भाषांतर वर्ज्य, वस्तू दाखवायची, कृती करायची, शब्द उच्चारायचा.

५/ शिकवणाऱ्यांपैकी अनेकांची मातृभाषा यिडिश. पुस्तके तुटपुंजी, रोजच्या वस्तूंना शब्द नाहीत. बाहुलीसाठी 'बुबा' हा शब्द बेन-येहुदांनी घडवला, हे श्रेय त्यांचेच. मात्र तो भाषेत रुजला, तो खेळणाऱ्या मुलांच्या तोंडी.

६/ १९१३ मध्ये हैफाच्या नियोजित तंत्रशिक्षण संस्थेत विज्ञान जर्मनमधून शिकवण्याचे ठरले. शिक्षक-विद्यार्थ्यांनी संप केला; निर्णय फिरला. १९२२ च्या पॅलेस्टाइन मँडेटने इंग्रजी व अरबीसह हिब्रूला अधिकृत भाषा मानले. क्रम ध्यानात घ्यावा: आधी बालवाडी, मग राजमान्यता.

७/ या यशाची किंमतही सांगितली पाहिजे. १९२७ मध्ये हिब्रू विद्यापीठातील यिडिश अध्यासनाचा प्रस्ताव विरोधामुळे बारगळला. १९४८ नंतर महाराष्ट्रातून गेलेल्या बेने इस्राएल कुटुंबांतही मुले शाळेतून हिब्रू घेऊन आली, आणि घरातली मराठी वडीलधाऱ्यांकडे सरकत गेली. ज्या शाळेने एक भाषा मुलांच्या ओठी दिली, तिनेच दुसऱ्या अनेक काढून घेतल्या.

८/ म्हणून हिब्रूचा दाखला देणाऱ्यांनी तो पुरता द्यावा. भाषा पाट्यांनी, ठरावांनी वा एखाद्या महापुरुषाच्या पुतळ्याने बोलती होत नाही. चार वर्षांच्या मुलाला तिच्यात भांडता आले की होते. आपले मूल इंग्रजी बालवाडीत धाडून बेन-येहुदांचे गोडवे गाणे, हा त्या इतिहासाचा उपहास आहे.