खलनायकाचे पुढचे भव

विजयादशमीच्या आदल्या सायंकाळची गोष्ट. धानाचा नवा हंगाम तोंडावर आलेला, म्हणून मी गोदामातला बारदाना मोजून घेत होतो. सहावीत शिकणारा नातू गादीवर पालथा पडून वहीच्या शेवटच्या पानावर काहीतरी रेखाटत होता. डोकावून पाहिले तर रुंद हनुवटीचा, जांभळ्या वर्णाचा एक महाकाय पुरुष. हातात सहा रत्ने जडवलेला मोजा. नातवाने नाव सांगितले, थानोस. 2018 साली आलेल्या ‘ॲव्हेंजर्स’च्या चित्रपटात चुटकी वाजवून विश्वातील अर्धे जीव नाहीसे करणारा खलनायक तो हाच.

परंतु वहीतल्या गोष्टीत त्याने तसे केलेच नव्हते. तिथे त्याने चुटकी वाजवली आणि विश्वातले धान्य दुप्पट झाले.

मी म्हटले, “अरे, हा तर दुष्ट ना?”

“दादाजी, त्याच्या ग्रहावर माणसं जास्त आणि खायला कमी होतं. तो सगळ्यांना सांगत होता, पण त्याचं कोणी ऐकलं नाही. मग ग्रहच संपला. कोणी ऐकलं असतं तर तो असा झालाच नसता.”

धान्याच्या व्यापाऱ्याच्या नातवाला सुचावा असाच हा उपाय, म्हणून मला प्रथम हसू आले. नंतर मात्र मी विचारात पडलो. हे स्वप्नरंजन एकट्या आमच्या घरचे नाही. 1963 पासून चित्रकथांमध्ये वावरणारा मॅग्नेटो हा खलनायक छळछावणीतून वाचलेला मुलगा होता, असे पुढे लेखकांनी दाखवले आणि वाचकांचे मन त्याच्याकडे वळले. 2019 च्या ‘जोकर’ने बॅटमॅनच्या वैऱ्यालाच कथेच्या मध्यभागी बसवले. आपल्या मराठीत तर 1967 साली शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’ने कौरवांच्या बाजूने लढलेल्या कर्णाला घरोघरी नायकपद दिले. पराभूताच्या बाजूने गोष्ट पुन्हा सांगून पाहावी, ही मनुष्यस्वभावाची जुनीच ओढ आहे.

तेवढ्यात नातवाने विचारले, “उद्या रावण जाळायला मैदानावर जायचं ना? रावणाची अशी गोष्ट करता येईल का?”

मी म्हटले, “बेटा, ती होऊन गेली आहे. आपल्याच घरातल्या ग्रंथांत.”

आणि बारदाना तसाच टाकून मी त्याला विमलसूरींच्या ‘पउमचरियं’ची कथा सांगू लागलो. जैन परंपरेतील ही सर्वांत जुनी उपलब्ध रामकथा. ती महाराष्ट्री प्राकृतात आहे, म्हणजे ज्या भाषेच्या वंशात आपली मराठी जन्मली त्या भाषेत. कथेचा आरंभच एका शंकेने होतो. राजगृहीचा राजा श्रेणिक गौतम गणधरांना विचारतो, की एवढे बलाढ्य राक्षस वानरांकडून हरले कसे? उच्च कुळात जन्मलेला रावण मांसभक्षक कसा असेल? कुंभकर्ण सहा महिने झोपत होता, हे खरे कसे मानावे? माझ्या नातवाची आणि मगधाच्या राजाची शंका एकाच जातीची!

गौतमस्वामी उत्तर देतात. राक्षस हे विद्याधरांच्या एका वंशाचे नाव. वानर हाही विद्याधरवंशच. त्यांच्या ध्वजावर वानराचे चिन्ह होते. रावणाला दहा तोंडे नव्हती. बालपणी गळ्यात घातलेल्या हाराच्या नऊ रत्नांत त्याच्या मुखाची नऊ प्रतिबिंबे उमटली, म्हणून तो दशमुख. तो जिनभक्त होता. अष्टापद पर्वतावर भक्ती करताना वीणेची तार तुटली, तेव्हा त्याने स्वतःच्या बाहूची शीर काढून ती तारेच्या जागी जोडली आणि स्वर खंडित होऊ दिला नाही. अनंतवीर्य केवलींपाशी त्याने व्रत घेतले होते, की जी स्त्री मला इच्छित नाही, तिला मी स्पर्श करणार नाही. सीतेचे हरण करूनही ते व्रत त्याने मोडले नाही.

पुढे रविषेणाचार्यांच्या ‘पद्मपुराणा’त आणि हेमचंद्राचार्यांच्या ‘त्रिषष्टिशलाकापुरुषचरित्रा’त हीच परंपरा दिसते. ग्रंथभेदाने तपशील बदलतात, परंतु रावणाचे स्थान बदलत नाही. त्रेसष्ट शलाकापुरुषांत तो आठवा प्रतिवासुदेव आहे. चोवीस तीर्थंकरांची गणना ज्या यादीत, त्याच यादीत रावणही.

आमच्या गोदामात पोती मोजणारे एक वयस्क गोंड गृहस्थ हे सारे ऐकत उभे होते. आपल्या जिल्ह्यातील कचारगडच्या यात्रेला ते दर माघ पौर्णिमेला जातात आणि रावणदहनाला कधीही जात नाहीत. ते एवढेच म्हणाले, “शेठजी, आमच्यात त्याला पूर्वज मानतात.” विदर्भात असे मानणारे पुष्कळ आहेत. शेजारच्या गडचिरोलीत परसवाडीचे गोंड बांधव दसऱ्याला त्याची पूजा करतात. अकोला जिल्ह्यातील सांगोळा गावी त्याची पाषाणमूर्ती आहे. पंधरा वर्षे एका छताखाली काम करून मी त्यांना हा विषय कधी विचारला नव्हता.

नातू मात्र आनंदला. “म्हणजे रावण हिरो!”

येथे मला थांबावे लागले. कारण आपल्या आचार्यांची कथा आणि माझ्या नातवाची वही यांत एक मोठे अंतर आहे. नातवाने थानोसला नायक करण्यासाठी त्याचे कृत्यच पुसून टाकले. आचार्यांनी तसे केले नाही. रावण विद्वान होता, व्रती होता, भक्त होता. तरीही त्याने परस्त्रीचे हरण केले आणि त्या कर्माचे फळ म्हणून तो नरकगतीला गेला. इतकेच नव्हे, त्याला मारणारा लक्ष्मणही नरकातच गेला. आपल्या कथेत रावणाचा वध राम करीत नाही, लक्ष्मण करतो. रामाने पुढे दीक्षा घेतली आणि तो मोक्षाला गेला. दिगंबर परंपरा नाशिक जिल्ह्यातील मांगीतुंगीला त्याचे मोक्षस्थान मानते. कर्माच्या खात्यात नायक म्हणून सूट नाही आणि खलनायक म्हणून जादा व्याजही नाही.

“मग रावण कायमचा तिथेच?” नातवाचा चेहरा उतरला.

कायमचे काहीच नाही, हीच तर आपल्या धर्माची शिकवण. सीतेचा जीव स्वर्गात इंद्रपदाला पोहोचला, तेव्हा तो नरकात जाऊन लक्ष्मणाला आणि रावणाला प्रतिबोध देऊन आला. जिचे हरण झाले, तीच त्याला मार्ग दाखवायला गेली! आणि अनेक भवांनंतर रावणाचा जीव तीर्थंकर होणार आहे, सीतेचा जीव त्याचा गणधर. ज्याचा पुतळा लोक जाळतात, तो उद्याचा वंदनीय आहे. दोष पुसलेला नाही. दार मात्र बंद केलेले नाही.

नातू बराच वेळ गप्प बसला. मग त्याने विचारले, “त्याला चूक कळली नव्हती का? कळली असती तर सीतेला परत दिलं असतं ना?”

या प्रश्नाचे उत्तर देताना माझाच आवाज अडखळला. कारण ग्रंथात ते स्पष्ट आहे. त्याला चूक कळली होती. युद्ध चालू असताना सीतेचा शोक पाहून त्याचे मन द्रवले. हिला परत द्यावी, असे त्याने मनात आणलेही. परंतु आत्ता परत दिली तर लोक मला भ्याड म्हणतील, म्हणून आधी राम-लक्ष्मणांना जिंकीन आणि मगच सन्मानाने परत देईन, असे त्याने ठरवले. त्या ‘आधी’ने त्याचा घात केला.

वाचकहो, आता माझी कथा. माझा धाकटा भाऊ याच गावात, रेल्वेरुळांच्या पलीकडे राहतो. वाटणीच्या वेळी एका गोदामावरून बिनसले. बारा वर्षे झाली. आमच्या घरात त्याचे नाव निघते ते खलनायक म्हणूनच. मुलांनी त्याची दुसरी बाजू कधी ऐकली नाही, कारण ती मी सांगितली नाही. वडिलांच्या आजारपणात दोन वर्षे दुकान त्याने एकट्याने ओढले होते आणि त्याचा हिशेब वाटणीच्या कागदात कुठेही धरला गेला नाही, हे मला ठाऊक आहे. दरवर्षी क्षमापनेच्या दिवशी शेकडो घरांना माझ्याकडून ‘मिच्छामि दुक्कडं’ जाते. त्या एका घराला जात नाही. मनात असते, की आधी त्याने चूक मान्य करावी, मग मी मोठेपणाने बोलावीन.

म्हणजे जिंकून परत देण्याचाच बेत.

दुसऱ्या दिवशी आम्ही मैदानावर गेलो नाही. नातवाने वहीत थानोसच्या चित्राखाली एक ओळ वाढवली होती: “आधी याने खूप मोठी चूक केली होती.” गोष्ट त्याने माझ्यापेक्षा लवकर सुधारली.

मी दुकानाच्या साध्या कागदावर चार ओळी लिहिल्या. त्यांत गोदामाचा उल्लेख केला नाही. वडिलांच्या आजारपणातील त्या दोन वर्षांचा केला. क्षमापनेचा दिवस उलटून गेला होता, तरी शेवटी ‘मिच्छामि दुक्कडं’ लिहिले. पाकीट घेऊन नातूच पूल ओलांडून गेला. हा मजकूर लिहीपर्यंत उत्तर आलेले नाही. येईलच असेही नाही. त्याच्या घरातल्या गोष्टीत खलनायक कोण असेल, हे मी समजू शकतो.

दिवाळीला नव्या वह्यांचे पूजन होईल. वाचकहो, आपल्याही घरात एखादे नाव केवळ एकाच बाजूने सांगितले जात असेल. वही पूजेला ठेवण्यापूर्वी त्या नावाची दुसरी बाजू मुलांना एकदा सांगून पाहा.